नंदाबाईंची चितकबरी नागफणी

कुडव्याच्या नंदाबाई रहांगडाले तेहतीस वर्षं नर्स होत्या. आजूबाजूच्या खेड्यांतल्या निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी सुई टोचलेली. निवृत्तीनंतर टोचायला कोणी उरलं नाही म्हणून नागफणी लावली, असं त्या स्वतःच हसत सांगत.

नागफणी साध्या निवडुंगासारखी नव्हती. रायपूरला दिलेल्या लेकीनं, रेणूनं, तिचा एक फडा, पानासारखा चपटा तुकडा, वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. हिरव्यावर पांढरे शिंतोडे, कडेला गुलाबी झाक. नंदाबाईंनी कापलेली बाजू सुकेपर्यंत तो आठ दिवस खिडकीत ठेवला, मग रेती आणि विटांचा चुरा घातलेल्या कुंडीत लावला. पाणी पंधरा दिवसांतून एकदा. मे महिन्यात पांढरा भाग करपू नये म्हणून हिरव्या जाळीखाली, पावसाळ्यात पत्र्याखाली. एखादा फडा नुसता हिरवा आला की त्या कापून टाकत. नाहीतर हिरवाच जोर धरतो आणि रंग मागे पडतो.

शेजारचे कटरे गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, रोज सकाळी फाटकाशी थांबून उपदेश करत. "नंदाबाई, काटेरी झाड दारात ठेवू नये. त्यातून हे रोगट. फेकून द्या."

"फेकू जी, फेकू," म्हणत नंदाबाई कुंडी उन्हाकडे वळवून ठेवत.

तिसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी झाडावर एकदम सात गुलाबी फडे फुटले. लोक फोटो काढायला येऊ लागले. गुरुजींचा उपदेश बंद पडला. एका दुपारी नंदाबाई बाजारातून परतल्या, तर सगळ्यात देखणा फडा गायब! हातानं मोडलेला. नंदाबाई चिडल्या, पण तुटलेली जागा पाहता पाहता त्यांना हसू फुटलं. नागफणीचे मोठे काटे दिसतात. केसासारखे बारीक दिसत नाहीत. ते बोटांत शिरले की दिवसचे दिवस सलतात.

त्यांनी गल्लीत निरोप धाडला: आज संध्याकाळी माझ्याकडे भजन, सगळ्यांनी यायचं.

वीसेक माणसं जमली. ढोलकी सुरू झाली तशा नंदाबाई म्हणाल्या, "टाळ नाही सापडून राहिले. सगळे टाळ्या वाजवा, जोरात!"

टाळ्या कडाडल्या. गुरुजी मात्र हात शालीत घालून, डोळे मिटून डोलत होते.

"काऊन जी गुरुजी, टाळी नाही वाजवून राहिले?"

"खांदा धरलाय."

"अरेरे! मंग प्रसाद तरी घ्या."

गुरुजींनी दोन बोटांत खोबरं धरलं आणि "आई गं!" करून सोडून दिलं.

सगळे गेल्यावर ते मागे राहिले. "दुपारपासून चहाचा कपही धरता येत नाही हो."

"फडा कुठी आहे?"

"अंगणात लावला. लगेच. बादलीभर पाणीही घातलं."

"मंग सडला समजा."

नंदाबाईंनी चष्मा चढवला, चिमटा काढला. मोठे काटे चिमट्यानं, बारीक काटे गोंद लावून, वाळल्यावर सोलून. एकेक काटा काढताना एकेक प्रश्न.

"रोगट होतं ना जी?"

"नाही हो."

"फेकाचं होतं ना जी?"

"चुकलं म्हटलं ना!"

चोरीचा फडा आठवड्यात सडला. नंदाबाईंनी दुसरा दिला, सुकवून, कुंडीसकट. तो जगला, पण गुरुजी हिरवे फडे कापू देईनात. "निरोगी तेच कापायचं? हा कुठला न्याय?" शेवटी ते भाच्याच्या लग्नाला सडक अर्जुनीला गेले त्या दिवशी नंदाबाई कुंपण ओलांडून गेल्या आणि सगळे हिरवे फडे छाटून आल्या.

महिन्याभरानं गुरुजींच्या कुंडीत गुलाबी फडा फुटला. ते फाटकाशी येऊन नंदाबाईंना समजावू लागले, "निष्ठा लागते. मुख्य म्हणजे पाणी बेतानं द्यायचं."

"हो का जी?" नंदाबाईंनी डोळे मोठे केले. "थोडं हळू सांगा, लिहून घेतो."

आणि त्यांनी खरोखरच वही आणली.