काशिनाथचे तांदूळ

नाशकात मी टिकलो तो काशिनाथमुळे. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं लिहिताना हात आखडेल आणि मुख्य गोष्ट राहून जाईल. तो हरसूलकडच्या एका पाड्यावरचा, मी पार तिकडे किनवटचा. अंबडच्या एका कंपनीत आम्ही एका लाइनवर कामाला होतो आणि एका खोलीत राहायचो. वयानं तो मोठा, मी त्याला दादा म्हणायचो; तो मात्र मला कधी नावानं हाक मारायचा नाही, 'पाव्हणं' म्हणायचा. भाताच्या लावणीला म्हणून तो गावी गेला होता. एका दुपारी फोन वाजला, स्क्रीनवर त्याचंच नाव. मी म्हटलं, "काय दादा, झाली का लावणी?" पलीकडं नुसतं पत्र्यावर पाणी वाजत होतं. मग बाईचा आवाज आला. "पाव्हणं तुम्हीच ना? मी सुमन, काशीची मोठी बहीण." शेतातून आला, जरा आडवा होतो म्हणाला, आणि उठलाच नाही... डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. मी किती तरी वेळ फोन कानाला धरून होतो, कारण ठेवला की ते नाव स्क्रीनवरून जाणार होतं.

नववीत शाळा सुटली तेव्हापासून माझ्या छातीत एक धडधड आहे. घरापासून लांब आल्यावर ती फार वाढली. कंपनीत पत्रा दाबायची प्रेस आदळली की जीव घाबरा व्हायचा आणि खोलीवर आल्यावरही ते आदळणं आत चालूच राहायचं. परत जायचं मी ठरवलं होतं, पिशवीही भरली होती. काशिनाथनं ती पाहिली. त्याच्याकडे एक जुना कॉम्प्युटर होता, त्यात काही गेम होते. तो म्हणाला, "काय खेळायचं पाव्हणं?"

"तुम्ही लावाल ते."

"माझं सोडा. तुम्हाला काय पाह्यजे?"

मला सांगता येईना. मला काय पाहिजे, हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. खोलीतला तिसरा, मनमाडचा संतोष, त्याला हा प्रश्नच पडायचा नाही. सगळे मित्र जो गेम खेळत असतील तो त्याला पाहिजे असायचा, आणि त्यातही तो खेळायचा कमी आणि दुसऱ्यांचे व्हिडिओ बघायचा जास्त. मग काशिनाथ उठला, डब्यातून चिमूटभर तांदूळ घेऊन आला आणि स्टीलच्या ताटलीत टाकले. गेमचं नाव घ्यायचं, दाण्यांच्या जोड्या लावायच्या. सगळे जोडीला लागले तर तो गेम आपला. एक दाणा एकटा राहिला तर आज तो नाही. "आमचा आज्जा भगत व्हता, दाणे बघून सांगायचा," तो म्हणाला. "लांबलांबून लोकं यायची तांदूळ दाखवायला."

"अहो भगत, भाताला ठेवा थोडे," संतोष म्हणाला.

"तुझ्या नावाचे काढलेत ते शिजवू नको फक्त. पोटात गेम ओव्हर व्हईल."

माझ्या नावानं ट्रकचा गेम निघाला. त्यात शत्रू नाही, गोळी नाही, कुणी मरत नाही. माल भरायचा आणि लांबच लांब रस्त्यानं जायचं. घाट, पूल, कडेची झाडं. तासाभरानं माझ्या लक्षात आलं की आतलं आदळणं थांबलंय. दुसऱ्या सुट्टीलाही ट्रकच निघाला, तिसऱ्यालाही. संतोषच्या घरून भांडणाचा फोन आला त्या दिवशी त्याला बंदुका पाहिजे होत्या, पण तांदळानं फुटबॉल दिला. तो चिडला, शिव्या देत खेळला आणि शेवटी हसायला लागला. मला याचं नवल वाटायचं, थोडी भीतीही. एकदा विचारलं तर काशिनाथ म्हणाला, "माणूस गेम निवडत नाय, पाव्हणं. आज कुठं हरलो तर चालंल, ते निवडतो."

त्या कॉम्प्युटरात एक गेम असा होता की तो कधीच निघायचा नाही. आम्ही त्याला 'धुक्यातलं गाव' म्हणायचो. एक माणूस धुक्यात चालतो, रिकामी घरं बघतो, कुणाला तरी शोधतो, एवढंच. मी विचारलं, संतोषनं विचारलं, काशिनाथनं तांदूळ टाकले की दर वेळी एक दाणा एकटा. "ते गाव आपल्याला आत घेत नाय," काशिनाथ म्हणायचा. मग उन्हाळ्यात एका दुपारी, संतोष गावी असताना, त्यानं स्वतःच्या नावानं तांदूळ टाकले आणि सगळे जोडीला लागले. खिडकीला चादर लावलेली, बाहेर कडक ऊन आणि खोलीत ते पांढरं धुकं. तो खेळत होता, मी बाजूला बसलो होतो. बराच वेळ गेला. मग हळूच म्हणाला, "ही विहीर आमची हाय." मी हसलो. तो हसला नाही. "विहिरीमागं मोहाचं झाड असंल बघा." माणूस विहिरीला वळसा घालून गेला... आणि तिथं एक मोठं झाड होतं. मोहाचं होतं की नाही, मला कळलं नाही. त्यापुढं एक घर, घराला बंद दार. काशिनाथनं माणसाला दारासमोर उभं केलं आणि हात काढून घेतला. "आत कोणतरी वळखीचं बोलतंय," म्हणाला. मला स्पीकरमधून फक्त वारा ऐकू येत होता. त्यानं गेम तिथंच सेव्ह केला. "आता लावणी करून येतो, मग उघडू."

दिवसकार्याला मी पाड्यावर गेलो. सुमनताईनं बाहेर खाट टाकून दिली, काळा चहा दिला. समोर विहीर होती. तिच्यामागं मोहाचं झाड होतं. मी तिकडं पाठ करून बसलो. काही तरी बोलायचं म्हणून तांदळाचं सांगितलं, तुमचे आज्जा भगत होते ना, असं विचारलं. सुमनताई म्हणाली, "आमचा आज्जा? तो तर सोताच तांदूळ दाखवाया दुसऱ्याकडं जायचा." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "काशी लबाड व्हता. लहानपणी मलाबी असाच फशी पाडायचा. अंगठ्याखाली एक दाणा धरायचा. पाह्यजे तव्हा सोडायचा." चहाचा कप उचलत म्हणाली, "फोनवर सांगायचा तुमचं. पाव्हणा लय भ्यालाय ताई, त्याला मारामारी नको, नुसता रस्ता देतो म्हणं."

मला तिथंच रडू आलं. ट्रक तांदळानं दिलाच नव्हता. माझी भरलेली पिशवी बघून काशिनाथनं दिला होता. पण परतीच्या एसटीत घाट लागला आणि दुसरा विचार अंगावर आला. सगळं तोच ठरवत होता, तर त्या दुपारी धुक्यातलं गावही त्यानंच ठरवलं का? की त्या एकाच वेळी अंगठ्याखाली काही नव्हतं? निघताना मी त्या बंद दाराचंही सांगितलं, तेव्हा सुमनताई म्हणाली होती, "ते दार उघडा एकदा. आत कोण व्हतं, मला सांगा."

खोलीत आता मी आणि संतोष. कॉम्प्युटर सुमनताईनं माझ्याकडंच ठेवायला सांगितलाय. सुट्टीच्या दुपारी मी तो गेम लावतो. माणूस दारासमोर पाठमोरा उभा आहे. आपण काही केलं नाही तरी त्याचे खांदे वर-खाली होतात, श्वास घेतल्यासारखे. मी बटणाला हात लावत नाही. पुढं गेलो तर काशिनाथनं जिथं थांबवलं ती जागा जाईल... तांदूळ टाकून विचारलं, उघडू का? एक दाणा एकटा राहिला. ताटली बदलली, तांदूळ बदलले, तरी एकटाच. संतोष म्हणाला, "अरे, सरळ उघड की. तुला पाहिजे का नको, एवढंच आहे." तेच तर मला अजून नीट सांगता येत नाही.

दादा, ट्रकच्या त्या रस्त्यांचं ऋण माझ्यावर आहे, विसरलेलो नाही. मी अंगठ्याखाली दाणा धरायला शिकतोय, अजून सुटून पडतो. एक दिवस जमेल. त्या दिवशी जोडी मी लावीन, दार मी उघडीन आणि आत जे कुणी असेल ते पाड्यावर येऊन सुमनताईला सांगीन.