कापगते सरांनी न वाचलेलं पत्र

कापगते सर पाकीट डिंकानं कधी चिकटवत नसत. नवेगाव बांधच्या आमच्या लहानशा संस्थेत दुपारी डबे उघडले की ते माझ्यापुढे हात करायचे, "सुनंदा, चार शितं दे." पण त्याआधी पत्र मोठ्यानं वाचलं जायचं. कलेक्टरला असो की टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्याला, अख्ख्या कचेरीनं ते ऐकायचं. कुणी कंटाळून हसलं तर म्हणायचे, "मोठ्यानं वाचता येत नाई, ते लिहाचंच कायले?"

सर कोहळी समाजातले. पूर्वजांनी तलाव बांधले, सर ते मोजत फिरले. तलावाच्या पाळीवर चप्पल काढून चालायचे. मी एम.एस्सी. झाल्याबरोबर त्यांनीच मला गोंदियाजवळच्या गोरेगावहून बोलावून घेतलं. बांबूनं पाण्याची खोली कशी मोजायची, मासे धरणाऱ्या ढिवरांशी बोलताना कुठं गप्प बसायचं, सगळं त्यांनीच शिकवलं. "कागद खोटा बोलते, पाळ नाई बोलत," हे त्यांचं ठरलेलं. वडील गेल्यापासून मला हक्कानं रागावणारं तेवढं एकच माणूस होतं.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. परदेशातल्या एका बड्या आंतरराष्ट्रीय संस्थेची जाहिरात आली. गावतलावांच्या अभ्यासासाठी सगळ्या देशातून एकच माणूस घ्यायचा होता. मी करू की नको करत होते. आई म्हणाली, "जाय. माही फिकर नोको करू." अर्जासोबत वरिष्ठांचं शिफारसपत्र बंद पाकिटात हवं होतं. सरांनी ते लिहिलं, माझ्याच डब्यातली शितं घेतली आणि पाकीट चिकटवलं. वाचलं नाही. मी बघतच राहिले, तर म्हणाले, "गोपनीय लिवलं हाये न फारमावर." मला उलट भरून आलं. आपल्यासाठी सरांनी नियम मोडला, असं वाटलं. काय येडी होते मी!

गाळणी होत होत मी शेवटच्या चौघांत आले. दिल्लीच्या मुलाखतीत सगळं छान चाललं होतं. शेवटी एका बाईंनी समोरचा कागद पाहत विचारलं, आईला सोडून तुम्ही कुठंच जाऊ शकत नाही असं तुमचे वरिष्ठ कळवतात, मग अर्ज का केलात? मी नाही नाही म्हणत राहिले. पण सांगणारे वरिष्ठ होते, माझं कोण ऐकतं. महिन्याभरात नकार आला.

मी सरांकडे त्या पत्राची स्थळप्रत मागितली. कुठलाच कागद न फेकणारा माणूस. फाईलमधून मुकाट्यानं काढून दिली. "वाचा सर," म्हटलं. वाचेनात. मग मीच वाचलं, मोठ्यानं. पानभर माझं कौतुक होतं आणि खाली ती ओळ. कचेरीत कुणी मान वर केली नाही.

"तू गेली असती त हे तलाव कोणं मोजले असते वं?" एवढंच ते म्हणाले.

"मग ते लिहायचं होतं, सर. माझ्या आईला कायले पुढं केलं?"

त्यांनी स्थळप्रत घेऊन पुन्हा फाईलला लावली. चोरानं लुटलं असतं तर शिव्या घातल्या असत्या. ज्यानं हाताला धरून शिकवलं, त्याला काय म्हणायचं? मी ती नोकरी सोडली आणि गोंदियाला कॉलेजात शिकवू लागले. त्या जाहिरातीसारखी जाहिरात पुन्हा काही आली नाही.

दहाएक वर्षांनी सर घरी आले. पार थकले होते. त्यांची धाकटी मुलगी माझीच विद्यार्थिनी. तीही तशाच एका परदेशी संस्थेत अर्ज करत होती आणि शिफारसपत्र माझं हवं होतं. मुलगी हुशार होती, मी तसंच लिहिलं. मग सरांसमोर बसून मोठ्यानं वाचलं. वाचून झालं तरी ते थांबूनच राहिले.

"खाली काई नाई?"

"नाही सर. एवढंच."

त्यांनी जुन्या सवयीनं पाकिटासाठी हात पुढे केला. मी स्वयंपाकघरातून चार शितं आणली आणि पाकीट स्वतःच चिकटवलं.