सात झंपरं

कापडदुकानदाराने आईवर उधारीचा दावा टाकला, तेव्हा मी बिदरला कॉलेजात होतो. निम्मे पैसे आईने दिले होते, पण पावती मागायची हिंमत केली नव्हती. समन्स आलं ते कन्नडमध्ये. खटकचिंचोळीच्या आमच्या बुद्धवाड्यात ते वाचणारं कुणी नव्हतं. तारीख निघून गेली आणि भालकीच्या कोर्टाने एकतर्फी निकाल दिला. मग मी सुट्टीत घरी असताना कोर्टाचा अमीन शिलाई मशीन जप्त करायला दारात आला.

ते मशीन आईने पायातले चांदीचे वाळे मोडून घेतलं होतं. वडील गेल्यापासून घर त्यावरच चालायचं. मी अमिनाला म्हणालो, "कारागिराचं हत्यार जप्त करता येत नाही. कायदा आहे." मी हे कामगारांच्या एका पत्रकात वाचलं होतं.

"तुझी आई कारागीर हाय हे कोर्टात जाऊन सांग," तो म्हणाला. त्याने आठ दिवस दिले.

आमच्या वकिलाने सांगितलं, दोन गिऱ्हाइकं साक्षीला आणा. गिऱ्हाइकं पुष्कळ होती आणि सगळी वरच्या गल्लीतली. मी मास्तरीणबाईंकडे गेलो. त्यांनी मला अंगणातच उभं केलं.

"तुझ्या आईनं शिवलेलं मी घालते, हे चारचौघांत सांगू व्हय? सासूबाईंना ठाव न्हाई. मी लातूरहून शिवून आणते म्हणून सांगितलंय."

"घालायला चालतंय, सांगायला चालत न्हाई?"

"लई शिकलास रे," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. आणखी सहा दारांत तेच झालं.

तारखेला आई एक गाठोडं घेऊन आली. न्यायाधीशांसमोर तिने ते सोडलं. आत बायकांची सात जुनी झंपरं होती.

"ही काय भानगड?" दुकानदाराचा वकील हसला. "जुना बाजार मांडायलीस काय, बाई?"

"माप हाय," आई म्हणाली. "ह्यावरून नवं शिवते. ह्यातलं एकबी माझ्या अंगात बसत न्हाई, बघा."

न्यायाधीशांना मराठी येत होतं. त्यांनी विचारलं, "टेप असताना जुनं झंपर कामून घेतीस?"

"टेप लावायला अंगाला हात लागतो, साहेब. ते चालत न्हाई त्यास्नी. झंपर वरून टाकत्यात, मी झेलते."

न्यायाधीशांनी नावं विचारली. आईने नकारार्थी मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मशीन हे कारागिराचं हत्यार आहे, ते जप्त करू नये, असा हुकूम झाला. कर्ज मात्र राहिलं. दर महिन्याला फेडायचं ठरलं.

येताना बसमध्ये मी आईशी भांडलो. मला त्या सातही जणींची नावं पत्रकात छापून बाजारच्या दिवशी वाटायची होती.

"छाप की," ती म्हणाली. "म्होरल्या महिन्यापासून मग तूच झंपर घाल. कुणाचं तरी शिवावंच लागंल मला."

शेजारची बाई फिसकन हसली. मी खिडकीकडे तोंड केलं.

मी पत्रक काढलं नाही. आईने मला गप्प बसवलं, याचा राग अजून गेलेला नाही. त्या सातही जणी कर्ज फिटेपर्यंत तिच्याकडूनच शिवून घेत राहिल्या आणि एकीनेही दारात येऊन विचारलं नाही, मशीन वाचलं का म्हणून. त्यांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.