ट्रॅकवर माझा डावा पाय आडवा आला

एकोणीस वर्षं मी नागपूरच्या महाल भागात मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवते आहे, आणि या एकोणीस वर्षांत माझ्या गाडीचा काटा साठच्या पुढं गेलेला नाही. महालाच्या गल्लीत दुसरा गिअर पडला तरी शिकणाऱ्या बाईला विमान उडवल्यासारखं वाटतं, तिथं साठ कुठून आणायचे? म्हणून शुभांगीनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हटलं, "मॅडम, हे पाहा, रेस ट्रॅकवर इलेक्ट्रिक गाड्या चालवाले देऊन राहिले, कोणालेही," तेव्हा पूर्ण वाचायच्या आधीच मी हो म्हणून टाकलं.

शुभांगी माझी सहा वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी. हिंगण्याच्या एका कारखान्यात नोकरीला आहे आणि गेल्या वर्षी तिनं स्वतःची इलेक्ट्रिक गाडी घेतली. त्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर ही जाहिरात आली होती. ट्रॅक हैदराबादच्या अलीकडे, हमरस्त्यापासून थोडा आत. पाच वर्षं जुनं लायसन्स, बंद बूट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, बस्स. हेल्मेट ते देतात. फी म्हणाल तर माझ्या दुकानाचं दोन महिन्यांचं भाडं. जायचा विचार असेल तर हे आधीच ऐकून ठेवा, नंतर छातीत धस्स व्हायला नको.

खरी मेख पुढं होती. सकाळी प्रशिक्षक तुमच्या डाव्या बाजूला बसणार. त्याला पटलं आणि त्यानं सही केली, तरच दुपारी तीन फेऱ्या तुम्ही एकट्यानं मारायच्या. नाही पटलं तर दुपारी तो चालवणार आणि तुम्ही शेजारी बसून वा वा करायचं.

मला त्या तीन एकट्या फेऱ्या हव्या होत्या. बाकी कशाशी मला देणंघेणं नव्हतं. माझं सगळं आयुष्य डावीकडच्या सीटवर गेलं. स्टिअरिंगवर नेहमी दुसरी कोणीतरी, घाबरलेली, घाम पुसणारी. शाळेची गाडी एकटीनं काढायची ती फक्त पंपावर हवा भरायला. एकदा तरी गाडीत मी एकटी असावी आणि ती जमेल तितकी जोरात पळावी, एवढंच मनात होतं. आणि ते मिळणारच, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. शेकडो बायांना गाडी शिकवलेली बाई नापास होते की काय?

शुक्रवारी पहाटे साडेपाचला निघालो. गाडी शुभांगीची, म्हणून चालवणार शुभांगी. मी डावीकडे.

"ब्रेक. शुभांगी, ब्रेक. अवं ट्रक दिसत नाही का?"

"दिसून राहिला न मॅडम. लांब आहे तो."

बुटीबोरीपर्यंत हे असंच. माझ्या शाळेच्या गाडीत डाव्या बाजूलाही ब्रेक आहे. शिकवताना उजवा हात स्टिअरिंगकडे तयार ठेवायचा म्हणून अंग तिरकं करून बसावं लागतं, उजवा पाय दुमडलेला असतो आणि ब्रेकवर डावा. शुभांगीच्या गाडीत माझ्या बाजूला पेडल नाही, तरी नुसती मॅट दाबून दाबून हिंगणघाट येईस्तोवर माझी पोटरी भरून आली.

रस्ता मात्र एक नंबर. जामहून पुढं चार पदरी, दोन्हीकडं कापसाची वाळलेली शेतं. पहिलं चार्जिंग पांढरकवड्याला केलं. तिथं चाळीस मिनिटं थांबावं लागलं, तर घरून आणलेली सांबारवडी, म्हणजे आमची कोथिंबिरीची वडी, काढली. शेजारी एक काका त्यांची गाडी लावून उभे होते. त्यांनी दोन वड्या खाल्ल्या आणि म्हणाले, "तुम्ही दोघी बायाच हैदराबादले? आणि गाडी बंद पडली त?" मी म्हटलं, "मंग तुमाले फोन करू, नंबर द्या." त्यांनी खरंच दिला! पैनगंगा ओलांडली की पाट्या तेलुगूत होतात. निर्मलच्या घाटात वळणं आहेत, तिथं जपून. दुसरं चार्जिंग कामारेड्डीला, समोरच एका साध्या हॉटेलात भात, पप्पू म्हणजे त्यांचं वरण, आणि लालभडक लोणचं. पोटभर वाढतात, आग्रह करून. संध्याकाळी पाचला ट्रॅकजवळच्या लॉजवर पोचलो. खोली स्वच्छ होती, गरम पाणी मात्र सकाळी फक्त तासभर.

शनिवारी सात वाजता ट्रॅकवर हजर. शुभांगी नुसती सोबतीला; चालवायला पंधरा-सोळा जण आलेले, त्यात बाई मी एकटी, आणि पन्नाशीची तर नक्कीच एकटी. एका पोरानं मला विचारलं, "आंटी, आप किसके साथ आये?" मी म्हटलं, "ड्रायव्हर के साथ," आणि शुभांगीकडं बोट दाखवलं. ती इतकी हसली की त्या पोरालाच लाज वाटली.

माझी प्रशिक्षक निघाली श्रावणी नावाची सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी. हैदराबादची, बारीक अंगाची, आवाज मात्र खणखणीत. प्रत्येक गोष्टीला "हौ" म्हणायची, अगदी आपल्या नागपूरसारखं. मला लगेच घरचं वाटलं.

आता गाडीबद्दल. सुरू केली तर काहीच होत नाही. आवाज नाही, थरथर नाही. मला वाटलं बंदच आहे. श्रावणी म्हणाली, "मॅडम, पूरा दबाओ." मी दाबलं. आई गं! पाठ सीटला अशी चिकटली की मान वळवता येईना. चार सेकंदांत शंभर. क्लच नाही, गिअर नाही, कुठं धापा टाकणं नाही. वारा आणि टायर, एवढाच आवाज. दोन टनांच्या वरचं धूड आहे हे पहिल्या वळणावर कळतं, कारण ते सरळच जाऊ पाहतं. सरळ पट्ट्याच्या शेवटी दोनशे, दीडशे, शंभर मीटरच्या पाट्या आहेत. दीडशेला ब्रेक, वळणाच्या पोटाशी, म्हणजे आतल्या कडेला, ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या कोनकडे नजर, आणि बाहेर पडताना पुन्हा पाय. तीन फेऱ्या झाल्या की बॅटरी तापते, म्हणून गाडीला विश्रांती आणि चार्जिंग. सोबत आपल्यालाही.

पहिल्या तीन फेऱ्या मस्त गेल्या. दुसऱ्या खेपेला काटा एकशे सत्तरवर गेला आणि मी मनात म्हटलं, पोरी, सही कर आता.

पाचवं वळण लांबलचक आहे, डावीकडं जाणारं. त्या वळणात मध्यावर मला वाटलं की आपण बाहेर फेकले जातोय. पुढच्या क्षणी गाडीचा मागचा भाग सटकला, जग आडवं फिरलं आणि आम्ही गवतात, धुरळ्यात उभ्या. कोणाला काही लागलं नाही. श्रावणीनं फक्त विचारलं, "मॅडम, मोड पे ब्रेक मारे क्या?"

"बिलकुल नहीं," मी म्हटलं. शपथेवर म्हटलं असतं.

पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबवायच्या जागी, आल्यावर तिनं टॅबलेट दाखवला. हिरवी रेघ ॲक्सिलरेटरची, लाल ब्रेकची. त्या वळणात दोन्ही एकाच वेळी वर. एवढंच कशाला, सकाळपासून अकरा ठिकाणी दोन्ही रेघा सोबत वर गेलेल्या. उजव्या पायानं मी गाडी पळवत होते आणि डाव्या पायानं ती थांबवत होते, आणि मला पत्तासुद्धा नव्हता.

"घर पे क्या करते आप?" तिनं विचारलं. मी सांगितलं. ती मान हलवत म्हणाली, "हौ, तभीच. मॅडम, आपका राइट फुट ड्रायव्हर का है, पर लेफ्ट फुट मेरी सीट का है. वळण में ब्रेक मारे तो गाडी घूमतीच. सोलो नहीं दे सकती मैं." बोलताना तिचं "वळण" मात्र मराठी निघालं, आजी नांदेडची म्हणे.

मला काय राग आला म्हणून सांगू! तिचा, गाडीचा, त्या लाल रेघेचा. जेवणाचं ताट घेऊन बसले. शुभांगीजवळ मी सुरू केलं, "कालची पोट्टी मले शिकवून राहिली. एकोणीस वर्षं झाली मले. या पायानं किती अपघात वाचवले माहीत आहे का तुले?"

शुभांगीनं भात कालवून घेतला. मग म्हणाली, "मॅडम, रागावू नका. पण तुमचा तो पाय माझ्याही गाडीत असते."

"म्हणजे?"

"म्हणजे शिकताना ब्रेक नेहमी तुम्हीच मारला. मले लायसन्स मिळालं तेव्हा मी स्वतः वेळेवर थांबू शकते का हे मलेच माहीत नव्हतं. अजूनही नाही माहीत. गाडी घेऊन वर्ष झालं, मी ऑफिसले कंपनीच्या बसनंच जाते. गाडी खाली उभी असते. तुम्ही बाजूले असल्या तरच काढते. तुमाले नाही सांगितलं, वाईट वाटलं असतं."

वाईट वाटलंच. ताट बाजूला ठेवलं. किती बाया वर्षा-दोन वर्षांनी "मॅडम, जरा पुन्हा हात साफ करून द्या" म्हणत परत येतात, आणि मी कौतुकानं सांगत फिरायची की माझ्यावर किती विश्वास! माझ्या गाडीला कधी धक्का लागला नाही, कारण ती गाडी मी कोणाला चालवूच दिली नव्हती. पन्नाशीच्या बाईला हे एका ताटावर बसून कळावं, मला स्वतःची फार लाज वाटली.

पण लाज घेऊन किती वेळ बसणार? दुपारच्या फेऱ्यांना दीड तास होता. मी शुभांगीला म्हटलं, "ऊठ. तू डावीकडे बस. मी चालवते, आणि तू माझ्यासारखी ओरड."

पार्किंगचं मैदान रिकामंच होतं. तिच्या गाडीत डाव्या पायासाठी कोपऱ्यात एक टेकू आहे, तिथं मी पाय असा रोवला की बुटाचा ठसा उमटावा. भीती वाटली की तोच टेकू दाबायचा, असं ठरवलं. मी गोल गोल फिरवू लागले आणि शुभांगी सुटलीच! "ब्रेक! अवं गाय! अवं स्कूटी! तो म्हातारा दिसत नाही का तुले? काहून झोपली वं?" सहा वर्षांचं सगळं वसूल केलं तिनं. आधी पाय उचलला जायचा, नंतर नुसता थरथरायचा, शेवटी पडून राहिला. हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी.

श्रावणी लांबून बघत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. "एक बार और बैठो. दोनों रेघ साथ दिखी, तो मैं खुद उतर जाऊंगी."

तिनं घड्याळ पाहिलं. "तीन राउंड. बस."

पहिल्या फेरीत पाचव्या वळणावर पाय या गाडीतल्या तशाच टेकूवर इतका दाबला की गुडघा दुखला. तिसऱ्या फेरीत तो मला आठवलाही नाही. टॅबलेटवर हिरवी रेघ वर, मग लाल, मग हिरवी, एकमेकींच्या वाटेला कुठंच गेल्या नाहीत. गाडी थंड होऊन चार्ज झाली, तशी श्रावणीनं पट्टा सोडला. दार उघडून उतरली आणि बाहेरून ते लावून घेतलं.

गाडीत मी एकटी. डावीकडची सीट रिकामी.

त्या तीन फेऱ्यांचं काय सांगू? काटा एकशे ब्याऐंशीला टेकला. दीडशेच्या पाटीला ब्रेक मी मारला, वळणाच्या पोटाला गाडी मी घातली, चुकले असते तर तेही माझंच होतं. मी मोठ्यानं ओरडले, नंतर रडलेही. हेल्मेटमध्ये कोणाला दिसत नाही, हा एक फायदा. उतरले तेव्हा श्रावणीनं हात पुढं केला, तर मी तिला जवळच ओढलं.

रविवारी परतीला पुन्हा शुभांगी स्टिअरिंगवर. मी दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली आणि तोंडही बंद ठेवलं. निर्मलच्या घाटात समोर एक ट्रक अचानक हळू झाला. जीभ दाताखाली धरली मी! शुभांगीनं स्वतःच ब्रेक मारला, जरा उशिरा, जरा जोरात, पण मारला. पिशवीतली पाण्याची बाटली पुढं घरंगळली, एवढंच नुकसान. ती म्हणाली, "मॅडम, थांबली न गाडी." मी म्हटलं, "हौ, थांबली."

ऊन असतानाच नागपुरात शिरलो. दरवेळी मी तिच्या घरापर्यंत जाते, गाडी लावून देते आणि तिथून ऑटो करते. या वेळी छत्रपती चौकाच्या अलीकडेच म्हटलं, "बाजूले घे. मी इथं उतरते."

"काहून? आणि घरापर्यंत?"

"घर तुझं आहे. रस्ता माहीत आहे तुले."

तिनं स्टिअरिंग घट्ट धरलं. माझ्याकडं पाहिलं, आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, दोन बसेस जाऊ दिल्या आणि रिंग रोडला लागली. ती दिसेनाशी होईस्तोवर माझ्या जिवात जीव नव्हता. अर्ध्या तासानं मेसेज आला, पोचली म्हणून.

सोमवारपासून शाळेत नियम बदलला आहे. शिकवणीचे शेवटचे पाच तास मी मांडी घालून बसते आणि बायांना तसं आधीच सांगते. एकीनं फी परत मागितली, दोघींनी टाळ्या वाजवल्या. जोरात पळायचं असेल तर तुम्हीही त्या ट्रॅकवर जाऊन या, पण कोणीतरी शेजारी बसून लाल रेघ दाखवेल, त्याची तयारी ठेवा.

आणि त्याच सोमवारी सकाळी कंपनीची बस शुभांगीच्या थांब्यावर पाच मिनिटं वाट बघत उभी होती. ड्रायव्हरनं तिला फोन केला, तर ती हिंगण्याच्या गेटवर पोचून गाडी लावत होती. हे मला दुपारी कळलं, तेही दुसऱ्याच कोणाकडून. निघायच्या आधी तिनं मला साधा फोनसुद्धा केला नव्हता. मला पाचेक मिनिटं राग आला, आणि मग दिवसभर मी खूश होते.