रेडिएटरमधला वाळा

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलींना नाही. देवापुढे बसल्यावर आठवलं तर घाईघाईने आरती सुरू करते. नातवंडांना माझ्या गोष्टी आवडतात, कारण प्रत्येक गोष्टीत आजी जिंकते. या गोष्टीतही जिंकली — तेच तर सांगायचंय. जरा जवळ सरका.

आमचं घर काचीगुड्याला. मामंजींची जुनी गाडी होती, किल्लीने नाही ऐकलं तर पुढून हँडल मारून चालू करायची. तिला हात लावायचा मान फक्त धाकट्या भाऊजींचा, विनायकचा. रविवारी सकाळी बापलेक बॉनेटखाली डोकी घालून उभे राहायचे. एरवी त्या दोघांत "जेवलास का" यापलीकडे बोलणं नाही; तिथे मात्र तासन्‌तास कुजबुज चालायची. मामंजींना हसताना मी तिथेच पाहिलं.

गाडी मलाही चालवता यायची. तिशीतली होते, लायसन होतं, आणि स्वतःबद्दलचं मत भलतंच चांगलं. रस्त्यावर नव्या चकचकीत गाड्या दिसायला लागल्या होत्या, घरोघरी केबलची वायर येत होती — बाईसाहेबांना वाटायचं, सरकारने हे सगळं आपल्यासाठीच खुलं केलंय! उन्हाळ्यातली दुपार, घर झोपलेलं. मी किल्ली उचलली, काळा गॉगल चढवला आणि गेले दिलसुखनगरला, मैत्रिणीकडे. काम काय? तिने मला गाडीतून उतरताना बघावं. बस, एवढंच काम.

परतताना अंबरपेठेत इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा लालवर गेला. थांबायला हवं होतं ना? पण थांबले असते तर बॉनेट उघडावं लागलं असतं, माणसं जमली असती, कुणीतरी "क्या हुआ अम्मा?" म्हणालं असतं. गॉगलवाल्या बाईला अम्मा! नक्को रे बाबा. दामटली तशीच. घरी पोचले तेव्हा पुढून वाफ निघत होती. जरा निवल्यावर फडक्याने रेडिएटरचं झाकण काढलं — आत ठणठणाट. स्वयंपाकघरातला पाण्याचा माठ आणला आणि आत रिकामा केला. किल्ली खुंटीवर टांगली, चहाचं आधण ठेवलं. केवढी हुशार मी!

त्याच संध्याकाळी भाऊजी पाहुण्या आलेल्या आत्याबाईंना गाडीतून स्टेशनवर सोडायला गेले. आमच्याकडून स्टेशन ते केवढंसं लांब? परतताना गाडी लंगडत, थरथरत आली.

सकाळी भाऊजींनी चारही प्लग काढले. मामंजी खुर्ची टाकून बसले. मी चहा घेऊन गेले तर भाऊजी म्हणाले, "वहिनी, इथे अंगठा दाबून धरा. मी हँडल फिरवतो."

मी प्लगच्या पहिल्या भोकावर अंगठा ठेवला. त्यांनी हँडल फिरवलं — आणि आतून असा जोर आला की अंगठा उडालाच! मी किंचाळले. इतकी वर्षं त्या गाडीला डबा म्हणत होते, आणि त्या काळ्या लोखंडात एवढा मोठा श्वास? अंगावर काटा आला. आजही सांगताना येतो, बघा. दुसऱ्या भोकात तोच जोर. तिसऱ्यावर अंगठा ठेवला तर... नुसती फुंकर. आजारी माणसाने हातावर सोडावी तशी. चौथ्यातही तेच. तो श्वास मी काढून घेतला होता, आणि आता तो माझ्याच अंगठ्याला शोधत होता — असं वाटलं मला. खरंच वाटलं.

भाऊजींनी तिसऱ्यात आणि चौथ्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा हँडल फिरवलं. फरक नाही. "पिस्टनच्या रिंगा घासल्या असत्या तर तेलाने थोडा दम धरला असता," ते म्हणाले. "शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम गेलेत. हेडखालचं गास्केट, ती सांधा बंद ठेवणारी पट्टी, दोघांच्या मधे जळलंय."

"कशाने जळतं?" मामंजींनी विचारलं.

"तापून."

"मग पाणी बघ."

भाऊजींनी झाकण काढलं. पाणी काठोकाठ होतं. ते वाकले — आणि तसेच थांबले. मग दोन बोटांनी आतून एक तपकिरी काडी काढली. वाळ्याची. माठात वाळा घालायची हौस त्या घरात एकटीला होती. मला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. काडी शर्टाच्या खिशात टाकली.

"पाणी तर भरपूर आहे," मामंजी म्हणाले. "म्हणजे तूच रगडलीस, विन्या."

भाऊजी म्हणाले, "हौ."

एवढंच. एवढा मोठा माणूस मी पुन्हा पाहिला नाही, आणि तेव्हा तो जेमतेम पंचविशीचा होता. आणि मी? मी कपबश्या उचलल्या.

पुढचं याहून वाईट. भाऊजी म्हणत होते, इंजिनावरचं हेड उतरवू, वाकलं असेल तर घासून सपाट करू, गास्केट बदलू, म्हातारी पुन्हा पळेल. पण हेड उतरवायचं म्हणजे आधी पाणी काढायचं — आणि पाण्याबरोबर उरलेला वाळा मामंजींसमोर अंगणात! मग माझी जीभ काय चालली म्हणता! आज हेड, उद्या रिंगा, परवा क्रँक. मामंजी, जमाना बदलला, नवीन घ्या. मामंजी ऐकत गेले. पण तयार झाले ते माझ्या बोलण्याने नाही. त्यांचं मनच उडालं होतं, गाडीवरून आणि मुलावरून. गाडी आहे तशी विकली. नवी पांढरी आली. तिची किल्ली माझ्या खुंटीवर आली. भाऊजींच्या हातात मामंजींनी ती कधी दिली नाही. रविवारी बॉनेट उघडायचं कुणाला कारणच उरलं नाही. बापलेक पुन्हा "जेवलास का"वर आले.

माठात वाळा घालणं मी सोडलं. का, ते भाऊजींनी कधी विचारलं नाही.

काही वर्षांनी एका दुपारी मामंजींच्या छातीत कळ आली. हे कामावर गेलेले, घरात भाऊजी आणि मी. भाऊजींनी वडिलांना उचलून मागच्या सीटवर निजवलं आणि किल्लीसाठी हात पुढे केला. मामंजी पडल्या पडल्या म्हणाले, "तू नको. सूनबाई चालवेल."

भाऊजी मागे बसले, वडिलांचं डोकं मांडीवर घेऊन. मी चालवत होते. आरशात पाहिलं — त्यांची नजर रस्त्यावर नव्हती, माझ्यासमोरच्या काट्यावर होती.

"सावकाश, वहिनी," ते म्हणाले. "काटा ठीक आहे."

मामंजींचे डोळे उघडे होते. ऐकू येत होतं त्यांना. दवाखाना अजून लांब होता, एक वाक्य सांगायला रस्ता पुष्कळ होता.

मी गाडी चालवत राहिले. मामंजी त्या दवाखान्यातून परत आले नाहीत.