टाकीतलं तेल आणि लाल चौकट

समुद्रापासून शेकडो मैल लांब देवळीत राहून, घरूनच मी जहाजांचं काम करते असं सांगितलं की लोक आधी हसतात. बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्या काकांनी तर एकदा विचारलं, "कोन्त्या नदीत चालते वं तुहं जहाज?" मीही म्हटलं, "पाणी आलं की सांगते." समुद्र मी एकदाच पाहिलाय, मुंबईला मुलाखतीला गेले होते तेव्हा, जेमतेम दहा मिनिटं.

काम असं आहे. युरोपच्या बंदरांत ये-जा करणाऱ्या जहाजांना आता आपल्या धुराचा जाब द्यावा लागतो. जितकं तेल जाळलं तितका कार्बन हवेत गेला, आणि जितका कार्बन गेला तितके परवाने कंपनीने बाजारातून घेऊन सरकारकडे जमा करायचे. हा नियम लागू होण्याआधीचं वर्ष आमच्या कंपनीत नुसती पळापळ होती. कुठल्या जहाजाने किती तेल जाळलं, ते कोणी मोजलं, कसं मोजलं, हे सगळं बाहेरच्या तपासनिसांसमोर टिकायला हवं होतं. त्यासाठी प्रत्येक जहाजाकडून रोज दुपारी येणाऱ्या अहवालाचा नवा फॉर्म बनवायचं काम माझ्याकडे आलं. मी गणितात एम.एस्सी., आणि 'हे असंच का' म्हणून कुठेही नाक खुपसणारी. त्यामुळेच दिलं असेल.

जहाजावर तेल मोजतात कसं, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. म्हणून एका जहाजाच्या चीफ इंजिनिअरना सरळ फोन लावला. ते रत्नागिरीकडचे, साठीला टेकलेले. जहाजावर सगळे त्यांना बडासाब म्हणायचे, मीही तेच म्हणू लागले. त्यांनी न कंटाळता सांगितलं: टाकीच्या नळीत पितळी वजन लावलेली फीत सोडायची, तळाला टेकली की ओढून घ्यायची, तेलाची खूण कुठवर आली ते वाचायचं आणि तक्त्यावरून, तेल किती गरम आहे ते बघून, टन काढायचे.

"आणि तेव्हा जहाज हलत असेल तर?" मी विचारलं.

"जहाज हलतंच, मॅडम," ते हसून म्हणाले.

मी ते वहीत लिहून घेतलं. डोक्यात मात्र काही शिरलं नाही.

स्वतःच्या हुशारीवर खूश होणं हा माझा जुना रोग आहे. फॉर्ममध्ये मी एक चौकट टाकली. कालच्या शिल्लक तेलातून इंजिनच्या मीटरवर दिसलेलं आजचं जळालेलं वजा करायचं, आणि उत्तर आज टाकीत मोजलेल्या तेलाशी जुळायला हवं. जुळलं तर चौकट हिरवी. जरा जरी फरक पडला तर लाल, आणि लाल असेपर्यंत अहवाल पुढे जाणारच नाही. मुंबईच्या साहेबांनी ऑनलाइन मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं. त्या संध्याकाळी मी आईसाठी गरम आलूबोंडे घेऊन आले.

दोन महिन्यांनी तपासनिसांनी चाचणीसाठी एकाच जहाजाचे अहवाल मागवले, आणि ते नेमकं बडासाबांचं निघालं. तपासनिसांचा शेरा आला की या जहाजाच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही. रोजच्या रोज, अगदी वादळाच्या दिवशीसुद्धा, शिल्लक तेल कणभर चुकत नाही. याचा अर्थ टाकीत मोजलेला आकडा लिहिलाच जात नाही, नुसती वजाबाकी लिहिली जाते. मागोमाग साहेबांचा मेल आला. चीफने खोट्या नोंदी केल्यात, त्यांना पुढच्या बंदरात उतरवायचं आणि तसं त्यांच्या फाइलवर लिहायचं, तर मी परवाच्या मीटिंगसाठी पुरावा तयार ठेवावा. या वयात फाइलवर असं काही लिहिलं गेलं की पुन्हा कुणी जहाजावर घेत नाही.

मला त्यांचाच राग आला. एवढं नीट समजावून सांगणारा माणूस असं कसं करतो, हे कळेना. दोन महिन्यांचे कागद छापून घेतले आणि घरी दिवाणावर पसरून बसले.

आई आयुष्यभर अंगणवाडीत सेविका होती. समोर बसून मेथी निवडत होती. "काय पाह्यून राह्यली वं सकाळपासून?" तिने विचारलं. मी सगळं सांगितलं. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि एका रकान्यावरून बोट खालपर्यंत नेलं.

"अन् नाई जुळलं तं?"

"लाल होतं. पुढे जात नाही."

"कोनं ठेवलं हे असं?"

"मी."

ती परत मेथीकडे वळली. निवडता निवडता आपणहूनच बोलायला लागली.

"आमचंबी असंच होतं. पोट्ट्याचं वजन मागच्या महिन्यापेक्षा कमी भरलं का वरून तक्ता वापस ये. काऊन कमी झालं, हे लिवाले जागाच नव्हती. दुरुस्त करून पाठवा, एवढंच. एका पोट्ट्याचा दोनदा वापस आला. तिसऱ्या खेपेले म्या वाढवून लिवलं. पोट्टं तापानं वाळून गेलतं, मले दिसत होतं, तरी लिवलं."

"मग त्याचं काय झालं?"

"त्याच्या मायले घेऊन मीच दवाखान्यात गेलती. जगलं ते. पन रजिस्टरात ते कधी बिमारच नाई पडलं."

आईचा राग आला नाही, मला माझीच लाज वाटली. उठून लॅपटॉप उघडला आणि बाकीच्या जहाजांचे अहवाल काढले. नव्या फॉर्मच्या आधी प्रत्येक जहाजावर रोज थोडाफार फरक पडत होता. फॉर्म आल्यावर काही दिवसांतच एकजात सगळे हिरवे झाले होते. तपासनिसांच्या हाती फक्त बडासाब लागले होते.

मी त्यांना फोन केला. "बडासाब, टाकी मोजता ना?"

"रोज मोजतो, मॅडम," ते म्हणाले. आवाज थकलेला होता. "पहिला आठवडा मोजलेलंच भरलं. लाल. ऑफिसला विचारलं. उत्तर आलं, फॉर्म नीट भरा."

ते उत्तर कोणी दिलं होतं हे मला चांगलं आठवत होतं. आजवर मी पाठवलेल्या सगळ्यात छोट्या मेलपैकी तो एक होता.

"मग मोजलेले आकडे कुठे आहेत?"

"माझ्या वहीत आहेत. ती कुणी मागितली नाही."

मी त्या वहीच्या पानांचे फोटो मागवून घेतले. पानांवर तेलाचे डाग होते, आणि प्रत्येक आकड्यापुढे समुद्र कसा होता ते दोन शब्दांत लिहिलं होतं. ते वाचण्यात माझी अख्खी दुपार गेली. समुद्र खवळला की फरक वाढायचा, शांत झाला की कमी व्हायचा. बंदरात उभं असताना आकडे जवळजवळ जुळायचे.

मीटिंगमध्ये साहेबांनी पुरावा मागितला. मी सगळ्या जहाजांचे आकडे आणि वहीची पानं दाखवली. "फॉर्म चुकलाय," मी म्हटलं, "आणि तो मी केलाय. फॉर्म नीट भरा, असंही त्यांना मीच लिहिलं होतं."

"हे लेखी द्याल?" साहेबांनी विचारलं. कौतुकाच्या वेळचा तो आवाज आता नव्हता.

"सकाळीच मेल केलाय."

नोकरी गेली असंच मी धरून चालले होते. ती राहिली. पण तेव्हापासून माझा प्रत्येक फॉर्म आधी दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेखालून जातो, आणि खरं सांगायचं तर अजूनही मला ते झोंबतं. लाल चौकट काढून टाकली. तिच्या जागी दोन रकाने आले, एक फरकाचा आणि एक कारणाचा. फरक कितीही असो, अहवाल पुढे जातो.

बडासाबांना उतरवलं नाही. नव्या फॉर्मवरचा पहिला अहवाल त्यांच्याच जहाजाचा आला. समुद्र शांत, असं लिहिलं होतं, तरीही फरक बऱ्यापैकी होता. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, "कळत नाही. दोनदा मोजलं, तेवढंच भरलं." मी अहवाल जसाच्या तसा पुढे पाठवला आणि त्यांना फोन लावला. फरक नेमका कुठल्या टाकीत पडतोय, ते मलाही बघायचं होतं.