चालीवरून मासा निवडणारे आबा

आबा मासा निवडायचे तो पाठीमागून. गिऱ्हाईक काचेला नाक लावून रंग बघत असायचं आणि आबा पेटीवर वाकून, हात मागे बांधून, माशाची पाठ आणि शेपूट न्याहाळत असायचे. कुणी विचारलं तर म्हणत, "तोंड कुनाचंबी चांगलंच असतंय. जनावर चालतंय कसं, ते मागून कळतं." मासा पोहतो हे त्यांना कधी मान्यच नव्हतं. त्यांच्या लेखी मासा चालायचा.

आबा मूळचे घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातले हेडी. बैल पारखायचे, घेणाऱ्या-विकणाऱ्याची गाठ घालून द्यायची, यात त्यांचं सारं आयुष्य गेलं होतं. त्यांनी लावून दिलेली जोडी रस्त्याने चालली की लोक थांबून बघत. मी जामखेडकडचा, सातवीतून शाळा सुटलेला. लग्नानंतर नगरला आलो, काच कापायला शिकलो आणि तसबिरींच्या चौकटी करायला एखादा गाळा मिळतो का ते शोधत फिरत होतो. अनोळखी माणसाला गाळा कोण देणार? एक होता, तो आबांच्या जावयाचा. नशीब असं की आबा त्या दिवशी लेकीकडे आले होते. त्यांनी मला रस्ता ओलांडून पलीकडे जायला लावलं, परत बोलावलं आणि जावयाला म्हणाले, "द्या ह्याला. भेदरलेला हाय, पन पाऊल सरळ टाकतोय."

आज इंदूरला मुलाच्या घरी बसून हे लिहितो आहे. इथवर आलो ते त्या एका वाक्यावर.

चौकटींबरोबर मी माशांसाठी काचेच्या पेट्या करू लागलो. मग मुंबईहून पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून गोल्डफिशही येऊ लागले. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला, त्या उन्हाळ्यात आबा बाजार सोडून लेकीकडे कायमचे राहायला आले. का सोडला ते कुणी विचारलं नाही. सकाळी येत, माझ्या दुकानातल्या बाकावर बसत आणि संध्याकाळपर्यंत मासे बघत. महिनाभर तोंडातून शब्द नाही. मग एक दिवस म्हणाले, "जामखेड्या, ही पेटी केलीस का हीर खांदलीस?"

पेटी उंच होती, दिसायला ऐटबाज. तिच्यातले मासे सारखे वर येऊन तोंड उघडत होते. ते मला दिसलं नव्हतं, आबांना दिसलं होतं. "गोठा उंच बांधून जनावराला काय उपेग? आडवा पायजे." त्यानंतर मी उभी पेटी केली नाही.

माशांची इंग्रजी नावं मला येत होती, पण दुकानात चालत ती आबांचीच. सडपातळ, एका शेपटीचा, सुसाट जाणारा तो 'खिल्लार'. गोल पोटाची, दुहेरी शेपटीची ती 'गाभण'. फुगीर डोळ्यांचा काळा तो 'म्हातारा', कारण समोर पडलेलं खाणं सापडायला त्याला वेळ लागायचा. "खिल्लाराबरूबर म्हातारा जुपू नगंस. ह्यो जेवून हात धुतोय, तवर त्यो अजून ताट हुडकतोय." गिऱ्हाइकाला किती मासे द्यायचे ते मोठ्याने सांगणं त्यांना प्रशस्त वाटत नसे. बाजारातल्यासारखा खांद्यावरचा पंचा माझ्या हातावर टाकत आणि खाली बोटं दाबत. बहुतेक वेळा दोनच बोटं.

आमच्या गल्लीच्या टोकाला शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई राहत. आई गेल्यापासून एकट्याच होत्या. "घरात काहीतरी हलणारं हवं," असं म्हणून त्यांनी तिवईवर मावेल अशी लहान पेटी करून घेतली आणि मासे बघायला आल्या. त्यांना एक तांबडा, एक काळा, एक पांढरा आणि एक ठिपक्यांचा हवा होता.

"बाई, ह्या काय बांगड्या हायेत का, रंगारंगाच्या भरायला?"

"आबा, घर माझं, पेटी माझी. निवडही मीच करीन."

"करा की! पन मेल्यावर रडायला मला बोलवू नगा."

बाई हसल्या. आबाही हसले. ते हसताना मी पहिल्यांदा बघत होतो. पंचाखाली माझ्या हाताला दोन बोटं लागली.

नवीन पार्सल आलं तेव्हा आबांनी बाईंसाठी दोन दिवस घेतले. चिमूट चिमूट खाणं टाकायचं आणि बघायचं. पुढे कोण येतो, मागे कोण राहतो, कोपरा धरून कोण बसतो, कुणाची शेपटी एका अंगाला झुकते. दुसऱ्या दिवशी बघता बघता, पेटीवरची मान न उचलता, ते बाजाराबद्दल बोलले. चारा संपला तशी बाजारात जनावरांची रीघ लागली. घेणारे शेतकरी उरले नव्हते, ट्रकवाले होते. त्यांना खाटकाच्या दारापर्यंत उभी राहतील एवढीच जनावरं हवी होती. ती निवडायला आबांना नेलं. "मी बोट दावत गेलो. ह्यो टिकंल, ह्यो न्हाई. एका जोडीला बोट लावलं, तर कासरा धरनारा म्हनतोय, आबा, वळखलं न्हाई व्हय? तुमीच लावून दिल्ती." एवढं सांगून त्यांनी पेटीत आणखी एक चिमूट टाकली. मग म्हणाले, "ह्यातली ती दोन काढ. तांबडी-पांढरी. एक पाऊल ही पुढं न्हाई, एक पाऊल ती मागं न्हाई."

दोन्ही गोल पोटाची, दुहेरी शेपटीची होती. बाईंना ते म्हणाले, "ह्या जोडीचा शब्द माजा." बाजार सोडल्यापासून आबांनी कुणाला शब्द दिला नव्हता. त्या दिवशी ते दोन वेळा पोटभर जेवले, असं त्यांच्या लेकीने माझ्या बायकोला सांगितलं.

आता पाण्याचं सांगायला हवं. गावात टँकर येत. रोगराई नको म्हणून त्यात पावडर टाकलेली असे. त्या ताज्या पाण्यात आमचे पहिले मासे मेले होते. तेव्हापासून आबा दुकानामागे एक ड्रम भरून, पावडरीचा वास उडेपर्यंत दोन दिवस उघडा ठेवत, वरून नुसतं फडकं. गल्लीतल्या बायका टोमणे मारत, "माणसं हंडा घेऊन उन्हात, आणि ह्यांच्या माशांची मज्जा!" आबांना ते लागलं. त्यांनी रोजची आंघोळ सोडली. चार दिवसांतून एकदा अंग पुसत आणि म्हणत, "ड्रमात हाय ते माज्या वाटनीचं हाय. आता बोला."

मासे बाईंकडे न्यायच्या दिवशी सकाळी गावाकडून माझी आई आणि बहीण आल्या. खडी फोडण्याच्या कामावरून थेट, केसांत धूळ, पायांना भेगा. मी दुकानात होतो. त्यांनी मागच्या ड्रममधलं पाणी घेतलं. प्यायल्या, न्हाल्या, बहिणीच्या पोराला न्हाऊ घातलं. मी मागे गेलो तेव्हा ड्रमच्या तळाशी गाळ होता आणि आई उन्हात केस वाळवत बसली होती. किती दिवसांनी तिचा चेहरा स्वच्छ दिसत होता. तिला काय बोलणार?

आबांना सांगायला हवं होतं. दोन दिवस थांबलो असतो, एवढंच. पण गाळा त्यांच्या जावयाचा, पाणी आबांच्या आंघोळीचं, आणि ते संपवलं माझ्या माणसांनी. माझी जीभ उचलली नाही. बाईंच्या दाराशी टँकर उभा होता. मी कळश्या भरल्या आणि पेटीत ओतल्या. पाण्याला वास येत होता. तो मला आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई वाडग्यावर ताटली झाकून दुकानात आल्या. वाडगा त्यांनी आबांपुढे ठेवला. आबांनी ताटली उचलली, पुन्हा ठेवली. मग माझ्याकडे वळले.

"पानी ड्रमातलंच व्हतं ना?"

"हो, आबा."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझा शब्द त्यांना पुरला. बाकावर बसले, पंचाची घडी घातली आणि स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मंग नजरच गेली माजी. ट्रकाला बोट दावलं, तवाच गेली आसंल. मला आत्ता कळतंय." दुकानात ते त्यानंतर आले नाहीत. आठवड्याने लेकीने सांगितलं की आबा गावाकडे निघून गेले. मी रोज म्हणत होतो, आज जाऊन सांगतो. रोज दुकान उघडत होतो.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. बाजार पुन्हा भरू लागला, तेव्हा मी घोडेगावला गेलो. आबा बाजाराच्या कडेला चहाच्या टपरीवर बसले होते, जनावरांकडे पाठ करून. वाळले होते. एक शेतकरी त्यांच्या विनवण्या करत होता, "आबा, नुसतं बघा. दोन साल पदरात बैल न्हाई. आता फसलो तर उठायचो न्हाई मी." आबा म्हणाले, "दुसऱ्याला इचार बाबा. मला दिसत न्हाई." तो गेला.

मी त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. आई, ड्रम, टँकर, वास. सांगताना रडलो. आबा ऐकत होते. माझं झाल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"लई मायेचा हायेस रं. म्हाताऱ्याचं मन राखाया एवढ्या लांब आलास."

"आबा, खरं सांगतोय. देवाशप्पथ..."

त्यांनी तळहात माझ्या तोंडावर दाबला. "माज्यापायी खोटी शपथ नगं घेऊस. तुजी लेकरंबाळं हायेत." आणि टपरीवाल्याला म्हणाले, "ह्याला च्या दे. साखर जास्त टाक."

त्यांच्या खांद्यावरून मला तो शेतकरी दिसत होता. त्याच्यापुढे एक पांढरी जोडी फिरवून दाखवत होते. शिंगं रंगवलेली, अंगं तेलाने चकाकणारी. जोडी वळली आणि मला पाठीमागून दिसली. डावा बैल मागचा पाय आखडून टाकत होता.

"आबा, डावा बघा. मागचा पाय."

आबा वळले नाहीत. बशीत चहा ओतत म्हणाले, "तुला दिसला ना? मंग जा, सांग त्याला."

मी उठलो. गर्दीतून वाट काढत तिथे पोचेपर्यंत कासरे त्या शेतकऱ्याच्या हातात आले होते आणि तो बैलांच्या कपाळाला हात लावून पाया पडत होता.